सायकल क्लबची माणसं का गळतात, आणि नाव कधी बदलावं

रविवारच्या राइडला पाच-सहा माणसं उरली की क्लबच्या बैठकीत हमखास दोन प्रस्ताव येतात: नाव बदलू या आणि जर्सी नवी करू या. दोन्हींत मजा आहे, खर्च बेताचा आहे आणि कुणाला काही बोल लागत नाही, त्यामुळे ठराव लगेच होतो. लोगो येतो, फोटो निघतात, महिनाभर गर्दी होते आणि पावसाळा संपेपर्यंत राइडला तेच पाच-सहा जण, फक्त अंगात नवी जर्सी.

नाव बदलणं वाईट नाही. कधी कधी ते बदलायलाच हवं. पण ते शेवटचं काम आहे. त्याच्या आधी काय काय करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. समोर धरला आहे तो आपल्याकडचा नेहमीचा शहरी किंवा तालुक्याच्या गावातला क्लब: एक व्हॉट्सॲप ग्रुप, तीन-चार उत्साही माणसं, रविवारची राइड, आणि लॉकडाऊनच्या काळात फुगून नंतर ओसरलेली संख्या. २०२०–२१ मध्ये जिम बंद होत्या, रस्ते मोकळे होते, गिअरच्या सायकलींना वेटिंग होतं. ऑफिसं परत सुरू झाली तेव्हा त्या सायकली गॅलरीत गेल्या. ती सगळी माणसं परत येणार नाहीत, हे आधी मान्य करून टाका. तो आकडा उद्दिष्ट म्हणून धरलात तर दरवर्षी हरल्यासारखंच वाटत राहील.

पायरी १: माणसं मोजा, ग्रुप नव्हे

"आमचे अडीचशे मेंबर आहेत" असं म्हणणाऱ्या क्लबला विचारा, कुठले अडीचशे? व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, वर्गणी भरलेले, की सायकल घेऊन येणारे? या तीन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि त्या वेगवेगळ्याच करा.

तिसरी यादी कुणाकडेच नसते, कारण हजेरी कुणी घेत नाही. पण चहाच्या टपरीसमोरचा ग्रुप फोटो प्रत्येक राइडला निघतो. ग्रुपची मीडिया उघडा, मागच्या वर्षभराचे रविवारचे फोटो काढा आणि एक एक्सेल शीट भरायला घ्या. आडव्या ओळींत नावं, उभ्या रकान्यांत तारखा. फोटोत दिसला त्याला खूण. पहिल्यांदा दिसला त्या चौकटीत "न". दोघं जण बसले तर एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्यातून जे दिसतं ते बैठकीतल्या तासभराच्या चर्चेतून दिसत नाही.

शीटमध्ये तीन गोष्टी शोधा. "न" किती आहेत? त्यांतले किती जण पुढच्या चार आठवड्यांत दुसऱ्यांदा आले? आणि पूर्वी नियमित असलेल्यांच्या खुणा नेमक्या कुठल्या महिन्यात थांबल्या?

"न"च कमी असतील तर लोकांना तुमचा पत्ता लागत नाही. "न" भरपूर आणि पुढे कोरं असेल तर माणसं येतात, पण त्यांना परत यावंसं वाटत नाही. जुन्यांच्या खुणा एकाच महिन्यात थांबल्या असतील तर तेव्हा क्लबमध्ये काहीतरी झालेलं आहे, आणि ते काय हे बहुधा सगळ्यांना ठाऊक असतं. तिन्हींवर उपाय वेगळे. नवीन नाव आणि जाहिरात यांनी सुटला तर पहिलाच प्रश्न थोडाफार सुटेल. माझ्या पाहण्यात बहुतेक क्लबांचं दुखणं दुसरं असतं.

पायरी २: गेलेल्यांना फोन करा

गूगल फॉर्म पाठवू नका. तो भरतात ते अजून येणारेच. एकदा येऊन परत न आलेल्या आणि वर्षभर येऊन थांबलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पंधरा-वीस जणांना फोन करा. अध्यक्षांनी करू नये. त्यांना सगळे "काही नाही हो, वेळच मिळत नाही" असंच सांगणार. क्लबात नवा असलेला, कुणाच्या गटातला नसलेला माणूस या कामाला चांगला.

"का येत नाही?" हा प्रश्न विचारू नका, त्याने समोरचा बचावात जातो. "शेवटची राइड कशी झाली होती?" असं विचारा आणि ऐकून घ्या. "वेळ नाही" म्हणाला तर सध्या सकाळी काय करता ते विचारा. रोज पाचला उठून टेकडीवर जाणाऱ्या माणसाला वेळ आहे, तुमच्यासाठी नाही.

बायकांचे फोन वेगळे करा आणि ते बाईनेच करावेत. आमच्या भागातल्या क्लबांत ऐकू येणाऱ्या गोष्टी साधारण त्याच आहेत: अंधारात एकटीने सुरुवातीच्या ठिकाणी पोचणं, वाटेत स्वच्छतागृह नसणं, ग्रुपवरचे रात्रीचे विनोद, आणि न विचारता दिलेले सीटच्या उंचीपासून वजनापर्यंतचे सल्ले. यातलं शेवटचं एका दिवसात थांबवता येतं.

पायरी ३: रविवारची सकाळ दुरुस्त करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एक हिशेब मांडून पाहा. जुन्यांचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर, नव्याचा १५. दहा किलोमीटरवर थांबायचं ठरलंय. जुने २७ मिनिटांत पोचतात, नवा ४० मिनिटांत. म्हणजे जुन्यांना तेरा मिनिटं मिळतात: पाणी, केळं, फोटो, गप्पा. नवा धापा टाकत येतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, "चला, आला तो, निघू या." ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. असे तीन थांबे झाले की तो घरी जाऊन सायकलवर चादर टाकतो. कुणीही त्याच्याशी वाईट वागलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम: शेवटचा माणूस पोचल्यावर घड्याळ लावायचं आणि तिथून पाच मिनिटं कुणी हलायचं नाही.

दुसरा: राइडचे किमान दोन गट. छोटा गट २० ते २५ किलोमीटरचा, ताशी १५–१६ च्या पुढे न जाणारा, साडेआठच्या आत घरी पोचवणारा. मोठा गट हवं तिथे जावो. पुण्यात छोट्यांना खडकवासला आणि मोठ्यांना सिंहगड किंवा पानशेत, नाशकात छोट्यांना गंगापूर धरण आणि मोठ्यांना त्र्यंबकेश्वर, असं जमतं. दोन्ही गट एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी निघावेत आणि जमलं तर एकाच ठिकाणी नाश्त्याला भेटावेत. नाही तर सहा महिन्यांत दोन क्लब होतात.

तिसरा: छोट्या गटाचा लीडर हा क्लबातला सगळ्यात दमदार माणूस असावा, किमान महिन्यातून एकदा. इथे कुरबुर होणार. थंडी हा ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचा हंगाम. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, मग तीनशे, चारशे, सहाशे, आणि एका हंगामात चारही झाल्या की "एसआर", सुपर रँडोनर. हे वेड चांगलं आहे, पण त्या नादात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नवी माणसं येण्याच्या नेमक्या काळात, क्लबचे सगळे अनुभवी रायडर हायवेवर असतात. २०२७ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही फ्रान्समधली मोठी ब्रेव्हे आहे. १२०० किलोमीटरसाठी ९० तास, आणि पात्रतेसाठी त्याच हंगामातली दोनशे ते सहाशेची पूर्ण मालिका हवी. त्या वर्षी तर रविवारी नेतृत्वाला माणूस मिळणार नाही. आत्ताच पाळ्या लावून ठेवा. ज्याला क्लबची जर्सी घालून ब्रेव्हे करायची आहे, त्याने महिन्यातला एक रविवार छोट्या गटाला द्यावा, असा सरळ नियम करायला हरकत नाही.

चौथा: स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा. त्याची पिशवी तपासा. त्यात हमखास ७०० सी ची (रोड बाइकच्या चाकाचं माप) ट्यूब आणि छोटा पंप असतो, कारण त्याची स्वतःची हायब्रिड किंवा रोड बाइक असते. नवा माणूस येतो तो मुलाची २६ इंची किंवा भावाची साधी काळी सायकल घेऊन. त्या सायकलचं चाक क्विक रिलीजने, म्हणजे हाताने फिरवायच्या खटक्याने, सुटत नाही, नटाला १५ नंबरचा पाना लागतो. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला आपल्या पंपाचं तोंडही नीट बसेलच असं नाही. तेव्हा स्वीपच्या पिशवीत हवं: २६ इंची आणि ७०० सी अशा दोन्ही ट्यूब, १५ चा पाना, व्हॉल्व्हचा पितळी ॲडाप्टर, पॅच, सॉल्यूशन, टायर लिव्हर. ॲडाप्टर अगदी स्वस्तात मिळतो. पहिल्याच राइडला पंक्चर झालं आणि सगळ्यांनी मिळून दहा मिनिटांत काढून दिलं, तर तो माणूस जवळपास नक्की परत येतो. "आमच्याकडे या साइजची ट्यूब नाही, रिक्षा बघा" झालं, तर विषय संपला.

पाचवा: निमंत्रणाचा मेसेज. बहुतेक ग्रुपवर शनिवारी रात्री असं काहीतरी येतं:

"संडे राइड. ५.३० शार्प. ६० के. पेस २२–२५. हेल्मेट मस्ट. नो एक्सक्यूजेस!"

जुन्यांना यात सगळं कळतं. नव्याला एवढंच कळतं की हे आपल्यासाठी नाही. त्याऐवजी गुरुवारी असं टाका:

"रविवारी सकाळी सहाला बसस्थानकासमोर. छोटा गट धरणापर्यंत जाऊन येणार, २२ किमी, साडेआठच्या आत परत. कुठलीही सायकल चालेल, ब्रेक आणि हवा बघून या. हेल्मेट लागेल; नसेल तर शनिवारी सांगा, आमच्याकडे दोन जादा आहेत. कुणालाही मागे सोडत नाही. वाटेत धरणाच्या गेटपाशी स्वच्छतागृह आहे. नाश्ता ज्याचा त्याने, साधारण ६० रुपये. छोट्या गटाच्या लीडरचा नंबर खाली आहे. मोठा गट: ५५ किमी, एक घाट."

लांब वाटतो? नव्या माणसाच्या मनातला प्रत्येक प्रश्न त्यात आहे, म्हणून लांब आहे.

आणि सोमवारी लीडरने त्या दिवशीच्या प्रत्येक "न"ला एक व्यक्तिगत मेसेज करावा. ग्रुपवर "वेलकम" नको, वेगळा, नावाने. "गुडघा कसा आहे? पुढच्या रविवारी कॅनॉल रोड आहे, सपाट आहे." एवढं पुरे.

पायरी ४: भरती कधी करायची

जागतिक सायकल दिन ३ जूनला असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो ठरवला आणि तेव्हापासून आपल्याकडे बरेच क्लब त्याच दिवशी रॅली काढून नावनोंदणी करतात. आता कॅलेंडर बघा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाखल होतो. नवा माणूस नाव नोंदवतो, एखादी राइड करतो, मग चिखल, निसरडा घाट, गंजलेली चेन. जुलैत तो गायब. क्लब म्हणतो, लोकांना चिकाटीच नाही.

रॅली हवी तर काढा, पण भरती दसऱ्याला करा. घरोघरी सायकल पुसून, हार घालून तिची पूजा होते. पाऊस परतीला लागलेला असतो आणि पुढे चार-पाच महिने हवा आपली. आदल्या रविवारी चौकात टेबल लावून फुकट सर्व्हिसिंग ठेवा: चेनला तेल, ब्रेकची तार, हवा. सोसायटीत धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर काढायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. सायकल तिथेच चालती झाली की मालकाला पुढच्या रविवारचं आमंत्रण द्यायचं.

पावसाळ्यासाठी वेगळं काही ठेवा. पंक्चर काढायची कार्यशाळा कुणाच्या तरी पार्किंगमध्ये होऊ शकते. आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकल वारी करण्याची प्रथा आता बऱ्याच शहरांत रुजली आहे. नाशिकची मोठी आहे. तिची तयारी म्हणून मे महिन्यापासून वाढत्या अंतराच्या राइड लावल्या तर जूनची गळती बरीच अडते, कारण माणसाला पुढचं काहीतरी गाठायचं असतं. मार्चमध्ये परीक्षा असतात, आईवडील येत नाहीत. तिथे जोर लावू नका.

पायरी ५: पैसे

थोडक्यात. वर्गणी कमी ठेवा पण ठेवाच, आणि वर्षाची घ्या. आजीव सभासदत्व विकू नका. एकदा पैसे मिळतात, पुढे हिशेबात शून्य आणि मतदानाला मात्र हजर. वर्गणीतून काय मिळतं ते लिहून द्या: ट्यूब, जादा हेल्मेट, गट अपघात विमा काढला असेल तर तो. पैसे खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर जात असतील तर दर तिमाहीला जमाखर्च ग्रुपवर टाका. क्लब फुटतात ते वेगावरून कमी आणि न दाखवलेल्या हिशेबावरून जास्त.

पायरी ६: नाव बदलायचं का?

वरचं सगळं एक हंगामभर केल्यावर हा प्रश्न घ्या.

ब्रिटनमधला एक जुना दाखला उपयोगी आहे. १८७८ मध्ये हॅरोगेट इथे "बायसिकल टूरिंग क्लब" स्थापन झाला. तीनचाकी सायकल चालवणारेही त्यात येऊ लागले, तेव्हा १८८३ मध्ये त्याचं नाव "सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब" झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो साठ हजारांच्या पुढे गेला, मग सायकलची लाट ओसरली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत संख्या भयंकर कोसळली. त्यात नावाचा दोष नव्हता आणि नाव बदलून घसरण थांबलीही नसती. पुढे काम बदलत गेलं: सहलींच्या जोडीला रस्त्यांसाठी भांडणं, शाळा, रोजच्या कामाला सायकल वापरणारे लोक. २०१२ मध्ये ती धर्मादाय संस्था झाली आणि २०१६ मध्ये नाव "सायकलिंग यूके" झालं. जुन्या सभासदांनी तेव्हा भरपूर आरडाओरडा केला. अमेरिकेतही १८८० ची "लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन" १९९४ मध्ये "लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स" झाली. निम्म्या लोकसंख्येला बाहेर ठेवणारं नाव एवढी वर्षं टिकलं हेच नवल. दोन्हीकडे आधी माणसं आणि काम बदललं, नाव मागून आलं.

म्हणून तुमच्या नावाला एवढंच विचारा: यामुळे कुणी दाराबाहेर राहतंय का? "रेसर्स", "वॉरियर्स", "रोडीज" अशी नावं असतील आणि तुमच्या छोट्या गटात आता आज्या आणि शाळकरी मुलं येत असतील, तर बदला. एका उपनगराचं नाव असेल आणि निम्मे सभासद दुसरीकडचे असतील, तर बदला. नाव एखाद्या दुकानाचं किंवा प्रायोजकाचं असेल आणि तो प्रायोजक गेला असेल, तर लगेच बदला. नुसतं जुनाट वाटतंय म्हणून बदलू नका. गावात वीस वर्षं माहीत असलेलं नाव ही कमाई आहे. पोलीस ठाण्यात, नगरपालिकेत, शाळेत त्या नावावर परवानगी मिळते.

एक धोक्याची खूण सांगतो. नावाचा प्रस्ताव क्लबातल्या एका गटाने दुसऱ्या गटाला बाजूला सारण्यासाठी आणला असेल, तर तो तिथेच थांबवा. आधी भांडण मिटवा.

पायरी ७: बदलायचंच ठरलं तर

नुसता व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर काम सोपं आहे. तीन नावं निवडा, ती रस्त्यावर हाक मारून पाहा, नव्या सभासदांना आधी मत विचारा आणि मग जुन्यांना. रात्री दहाचा ग्रुपवरचा पोल टाळा. पन्नास जणांत बोलणारे सातच असतात. इन्स्टाग्राम, स्ट्राव्हा (राइड नोंदवायचं ॲप) आणि गूगल मॅपवर ते नाव मोकळं आहे का बघा, आणि शेजारच्या शहरात त्याच नावाचा क्लब नाही ना, हेही.

संस्था नोंदणीकृत असेल तर सावकाश. महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली असतात. आपल्या संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, काढून नावबदलासाठी किती नोटीस आणि किती बहुमत लागतं ते वाचा, विशेष सर्वसाधारण सभा घ्या, इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. ठरावानंतर धर्मादाय आयुक्त कार्यालयात १९५० च्या कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. अनेक क्लबांचे कार्यकारिणी बदलाचे जुने अर्जच थकलेले असतात; ते आधी निकाली काढायला लावतील, तेव्हा वकिलाकडे जाताना मागची सगळी फाइल न्या. मंजुरीनंतर पॅन, मग बँक खातं, या क्रमाने. बँकेत आधी गेलात तर परत पाठवतील. कागद पूर्ण होईपर्यंत जर्सी छापू नका.

जर्सीबद्दल मतं खूप असतात, मी माझी दोन सांगतो. पहिलं: रंग अंधारात आणि धुक्यात दिसणारा घ्या. काळी जर्सी फोटोत देखणी दिसते आणि पहाटे साडेपाचला ट्रकवाल्याला दिसत नाही. दुसरं: बायकांच्या मापाचा वेगळा कट मागवा आणि मापासाठी नमुने आणून घालून पाहू द्या. शिवणारे किमान संख्या मागतात, म्हणून नाइलाजाने "स्मॉल घ्या, बसेल" म्हटलं जातं. ती जर्सी कपाटात राहते. प्रायोजकाचा लोगो क्लबच्या नावापेक्षा मोठा नको. नव्या माणसाला तिसऱ्या राइडपर्यंत जर्सीचं विचारूही नका, टी-शर्टात येऊ द्या.

वर्षभर नव्या नावाखाली बारीक अक्षरांत जुनं नाव राहू द्या. जुन्या जर्सीवर बंदी घालू नका. ज्यांनी ती घालून पहिला घाट चढला त्यांना ती प्यारी असते, आणि छोट्या गटाचा लीडर म्हणून तुम्हाला तीच माणसं लागणार आहेत.

नावाच्या अनावरणाला पाहुणे, ढोल, बॅनर यांवर क्लबची शिल्लक उडवू नका. त्या पैशांत दहा हेल्मेट येतात.

मग पुन्हा ती एक्सेल शीट. चहाच्या फोटोवरून दर रविवारी भरायची, पाच मिनिटांचं काम आहे. अनावरणाच्या दिवशीचे "न" मोजू नका. ते फुकटच्या टी-शर्टालाही येतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या ओळीत पुढच्या चार आठवड्यांत दुसरी खूण पडली, तेवढंच बघा. पडली नसेल तर लोगोला हात लावू नका. पायरी ३ वर परत या आणि आधी स्वीपची पिशवी उघडून पाहा.